बीएमएक्स घेताय? स्टिकर वाचू नका, मापं घ्या

इथे मी एरवी फोनची बॅटरी, अ‍ॅप्सच्या परमिशन, स्टोरेज असल्या विषयांवर लिहितो. आज विषय सायकलचा आहे. पण प्रश्न तोच जुना आहे: ऑनलाइन लिस्टिंगमध्ये जे लिहिलेलं असतं त्यातलं काय खरं धरायचं?

मागच्या मे महिन्यात निमोण्याहून मावशीचा फोन आला. शिरूर तालुक्यातलं हे आमचं गाव, मी नोकरीसाठी पुण्यात असतो. मावसभाऊ सायकलवरून पडला होता. पुढचा दात अर्धा तुटलेला, हनुवटीला पाच टाके. मी विचारलं, कशाला धडकला? तर म्हणे धडकला कशालाच नाही. एका ओट्यावरून त्याने सायकल उडवली, दोन्ही चाकं एकदम टेकली आणि पुढचा चिमटा वरच्या जोडापासून तुटून चाकासकट बाजूला गेला.

मला वाईट वाटण्याचं कारण वेगळं होतं. ती सायकल त्याला मीच शोधून दिली होती. साडेनऊ हजार रुपये, काळा मॅट रंग, लिस्टिंगमध्ये 'हाय टेन्साइल स्टील, स्टंट रेडी, हेवी ड्युटी'. मी इंजिनिअर माणूस, स्पेसिफिकेशन वाचलं, रेटिंग पाहिलं, लिंक पाठवली. झालं. रोज सर्व्हरचं लोड टेस्टिंग करणाऱ्या माणसाने 'स्टंट रेडी' हा शब्द तसाच गिळला.

त्यानंतर दोन महिने मी हाच अभ्यास केला. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. लिस्टिंगमधले शब्द काहीही असू शकतात, पण सायकलवरची मापं सहसा खोटं बोलत नाहीत. मागचा एक्सल किती मिलिमीटर जाड आहे, पायडलचा आटा किती इंची आहे, हँडलखालचा पाइप केवढा आहे, एवढं मोजलं की ती सायकल उड्या मारायला बनवली आहे की फक्त तशी दिसायला, हे बऱ्यापैकी उघड होतं.

आधी भार किती पडतो ते बघू

बीएमएक्स म्हणजे बायसिकल मोटोक्रॉस. अमेरिकेत कॅलिफोर्नियात १९७० च्या आसपास पोरं मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींची नक्कल करत मातीच्या ट्रॅकवर छोट्या सायकली पळवायला लागली, तिथून हा खेळ सुरू झाला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये बीएमएक्स रेसिंग आलं आणि टोकियोत फ्रीस्टाइल. आपण बोलतोय ते 'स्ट्रीट' रायडिंग. त्याला ट्रॅकही लागत नाही आणि रॅम्पही. पायऱ्या, कठडे, लोखंडी रेलिंग, ओटे, जे दिसेल त्यावर. गावात सिमेंटचा रस्ता झाला की पोरांना तेवढं पुरतं. पण मातीचा ट्रॅक थोडा तरी दबतो, सिमेंट दबत नाही.

समजा रायडर ६० किलोचा आणि सायकल १२ किलोची. एकूण ७२. एक मीटर उंचीवरून खाली आला. पाय ताठ ठेवले आणि टायर, गुडघे, कोपरं सगळं मिळून फक्त १० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी भार वजनाच्या ११ पट येतो, म्हणजे जवळपास ७९० किलो. हाच माणूस गुडघे आणि कोपरं मुडपत ३० सेंटिमीटरमध्ये थांबला तर तो ३१० किलोच्या आसपास येतो. हिशोब ढोबळ आहे आणि एखाद्या क्षणी भार याहून बराच वर जातो. पण त्यावरून दोन गोष्टी समजतात. एक, फुकटातला सगळ्यात मोठा अपग्रेड म्हणजे मऊ लँडिंग. दोन, शाळेत जाण्यासाठी बनवलेल्या सायकलीला असला भार कोणी विचारातच घेतलेला नसतो.

बरं, ती पहिल्या उडीत मोडत नाही. खरी फसवणूक इथेच होते. बाइंडिंगची तार आपण तोडतो कशी? इकडे-तिकडे वाकवत राहतो. पहिल्या पाच वेळा काही होत नाही आणि मग एकदम तुकडा. धातूत आधी बारीक चीर पडते, प्रत्येक उडीला ती केसभर पुढे सरकते आणि उरलेला धातू पुरेनासा झाला की मग मोडतं. भावाची सायकल चार महिने टिकली होती. 'चार महिने काही झालं नाही म्हणजे मजबूत आहे' असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात ती चार महिने मोडतच होती.

'हाय टेन्साइल' नावातच गोम आहे

नाव ऐकून वाटतं, हे काहीतरी भारी स्टील असणार. सायकलच्या जगात उलटं आहे. हाय-टेन म्हणजे कमी कार्बनचं साधं स्टील आणि सायकलींच्या स्टीलमध्ये ते खालच्या पायरीवर मोडतं. वाईट नाही. दुधाचे कॅन नेणाऱ्या सायकली त्यावरच आयुष्य काढतात. पण त्यांचे पाइप जाड असतात आणि त्या ओट्यावरून उड्या मारत नाहीत.

कडक स्ट्रीट रायडिंगसाठी शब्द शोधायचा तो 'क्रोमोली' किंवा '४१३०'. हा नंबर पासवर्डसारखा वाटतो, पण वाचता येतो. ४१ म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या स्टीलचं कुटुंब, आणि ३० म्हणजे कार्बन साधारण ०.३० टक्के. क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास, मॉलिब्डेनम जेमतेम ०.२ टक्के. एवढ्याशा मसाल्याने पाइप कायमचा वाकायच्या आधी जास्त ताण सोसतो.

इथे एक गैरसमज काढून टाकू. क्रोमोली हलकं असतं असं सगळे म्हणतात. दोन्ही स्टीलची घनता जवळपास सारखीच आहे. क्रोमोली ताकदवान असल्यामुळे पाइपची भिंत पातळ ठेवता येते, म्हणून सायकल हलकी होते. आणि हो, लोहचुंबक लावून यातला फरक कळत नाही, दोन्हीला चिकटतं. चुंबकाने फक्त अ‍ॅल्युमिनियम ओळखता येईल.

लिस्टिंग वाचताना 'क्रोमोली' शब्दाच्या आजूबाजूला बघा. 'फुल क्रोमोली' असेल तर सगळे पाइप त्याचे. 'क्रोमोली डाउन ट्यूब' असेल तर फक्त खालचा एक पाइप क्रोमोलीचा, बाकी सगळं हाय-टेन. मधला प्रकार म्हणजे पुढचे तीन मुख्य पाइप क्रोमोलीचे आणि मागचा त्रिकोण साधा. बेताचं बजेट असेल तर तीन पाइपवाली चालून जाते, पण चिमटा मात्र पूर्ण क्रोमोलीचाच हवा. फ्रेम सहसा वाकते, चिरते, कुरकुरते, म्हणजे थोडी तरी सूचना देते. चिमटा मोडला की तोंड थेट रस्त्यावर. आमच्या घरात आता हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

लोहाराचं पाणी आणि रांजणगावची भट्टी

नुसती धातूची जात पुरत नाही. तिला पुढे काय केलं, हेही महत्त्वाचं. गावचा लोहार विळ्याला पाणी देतो ते पाहिलं असेल. लाल होईपर्यंत तापवायचं, चटकन पाण्यात बुडवायचं. विळा कडक होतो. पण नुसताच कडक ठेवला तर दगडावर आपटून टवका उडतो, म्हणून जाणता लोहार त्याला परत बेताची ऊब देतो. आमच्या शेजारचे एक काका रांजणगाव एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर आहेत. त्यांना मी तुटलेला चिमटा दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, तुटलेली कड उन्हात धरली आणि म्हणाले, "हे बघ, हा भाग काळपट आणि इथं लोखंड चकचकीत. काळपट आहे ती जुनी चीर, गंज धरलेली. चकचकीत तेवढंच शेवटच्या दिवशी तुटलं."

चकचकीत भाग निम्म्यापेक्षा कमी होता.

चीर वेल्डिंगच्या अगदी शेजारून गेली होती. हे योगायोगाने होत नाही. वेल्डिंग करताना जोडाशेजारची पट्टी भयंकर तापते आणि लगेच थंड होते. तिथल्या धातूचा मूळ पोत बदलतो आणि ताणही तिथेच गोळा होतो. म्हणून चांगल्या कंपन्या वेल्डिंग झाल्यावर अख्खा भाग भट्टीत घालून पुन्हा हीट ट्रीटमेंट करतात. स्पेसिफिकेशनमध्ये 'पोस्ट-वेल्ड हीट ट्रीटेड' असं लिहिलेलं शोधा. ओडिसी नावाची कंपनी तिच्या अशा प्रक्रियेला '४१ थर्मल' म्हणते, इतर कंपन्यांची नावं वेगळी. चिमटा आणि क्रँक या दोन भागांसाठी मी हे शब्द असल्याशिवाय पैसे टाकणार नाही. हँडलसाठी असलं तर उत्तम.

यातूनच एक हात जोडून विनंती. क्रोमोलीची फ्रेम किंवा चिमटा चिरला तर तो ट्रॉलीच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. तो माणूस त्याच्या कामात पटाईत असतो, नांगराचा फाळ आणि ट्रॉलीचा हूक तो छान जोडून देईल. पण ट्रॉलीचं लोखंड जाड असतं आणि आपला पाइप एक-दीड मिलिमीटरचा. आर्क वेल्डिंगने जोडाशेजारचं क्रोमोली काचेसारखं ठिसूळ होऊ शकतं. वरून रंग मारला की दिसायला नवं आणि आतून आधीपेक्षा धोकादायक. भावाने तुटलेला चिमटा जोडून आणायचं ठरवलंच होतं. शंभर रुपयांत होतंय म्हणत होता.

आता मापं

व्हर्नियर कॅलिपर असेल तर झकास, नसेल तर साधी पट्टी चालेल. दुकानात पट्टी काढून बसलात की दुकानदार जरा विचित्र बघतो, बघू द्या.

पहिलं माप हँडलच्या खाली. चिमट्याचा जो दांडा फ्रेमच्या पुढच्या पाइपातून वर येतो, तो चांगल्या बीएमएक्सला सव्वा इंचापेक्षा थोडा कमी असतो: एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, म्हणजे २८.६ मिलिमीटर. त्याला आटे नसतात आणि स्टेम बाहेरून पकडतो. स्वस्त सायकलींना बहुधा एक इंची, आटे पाडलेला दांडा असतो आणि हँडलचा खांब त्याच्या आत खोचलेला असतो. आटे म्हणजे धातूत कोरलेल्या खाचा. जिथे सगळ्यात जास्त ताण तिथेच खाचा पाडल्या तर काय होणार, सांगायला नको. यातली मोठी अडचण अशी की एक इंची फ्रेममध्ये चांगला चिमटा बसतच नाही.

दुसरं माप मागच्या एक्सलचं. स्ट्रीटसाठी बनवलेल्या बीएमएक्सला मागे १४ मिलिमीटरचा एक्सल असतो, पुढे १० मिलिमीटर किंवा तीन अष्टमांश इंच. स्वस्त सायकलला मागेही तीन अष्टमांश म्हणजे साधारण साडेनऊच. १४ आणि साडेनऊमध्ये फरक दीडपट वाटतो ना? पण भरीव दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनात वाढते. दीडपटचा घन केला की तीनपटीच्या वर जातं. साडेचार मिलिमीटरमध्ये तिप्पट ताकद. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे सूत्र मी पाठ केलं होतं, उपयोग आठ वर्षांनी झाला.

तिसरं, आणि फोटोवरूनही कळणारं: क्रँक. दोन्ही बाजूंच्या पायडलचे दांडे आणि मधला भाग मिळून एकच वाकवलेली सळई असेल, तर ती वन-पीस क्रँक. ती स्ट्रीटवर वाकते. एका उडीत पाय थोडा वाकडा पडला की पायडल डुलायला लागतं. हवी ती थ्री-पीस क्रँक: दोन पोकळ क्रोमोली दांडे आणि मधला वेगळा स्पिंडल, बहुतेक १९, २२ किंवा २४ मिलिमीटरचा. स्पिंडलवर जे दाते असतात त्यांना स्प्लाइन म्हणतात. आठ स्प्लाइनवाली सुरुवातीला चालते, पण मोठे आठ दाते झिजले की क्रँक कटकट आवाज करायला लागते. ४८ स्प्लाइनवाली जास्त घट्ट बसते, कारण भार ४८ ठिकाणी वाटला जातो. पोकळ म्हणजे कमजोर, असं वाटून घेऊ नका. चांगला पाइप त्याच वजनाच्या भरीव सळईपेक्षा वाकण्याला जास्त विरोध करतो. ज्वारीचं ताट आणि बांबू यांच्यातला फरक आठवा.

क्रँकची जात ओळखायची सोपी खूण म्हणजे पायडलचा आटा. वन-पीस क्रँकला अर्धा इंची पायडल लागतं, थ्री-पीसला नऊ सोळांश इंची. म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि १४.३ मिलिमीटर. लिस्टिंगमध्ये क्रँकबद्दल चकार शब्द नसेल आणि पायडलसमोर 'अर्धा इंच' लिहिलं असेल, तर समजून जा. उलट पायडल विकत घेताना आधी हे माप बघा, नाहीतर नवीन पायडल पिशवीतच राहतं.

पायडलबाबत माझं मत जरा उलटं आहे. धातूची चकचकीत पायडलं घेऊ नका, प्लॅस्टिकची घ्या. नायलॉनचं पायडल कठड्यावर घासलं तर अडकत नाही, सरकतं, नडगीवर बसलं तर कातडं थोडं कमी सोलतं आणि स्वस्तही पडतं. फक्त आतला दांडा क्रोमोलीचा असावा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे पाना हातात घ्यायच्या आधी आठवा. पोरं जोर लावून क्रँकचे आटेच मारून टाकतात.

चेन, चाक आणि बाकी मंडळी

आजच्या बीएमएक्सचं पुढचं चक्र एवढंसं का असतं? पूर्वी पुढे ४४ दाते आणि मागे १६ असायचे. आता २५ आणि ९. भागाकार करून बघा: २.७५ आणि २.७८. पाय मारायला दोन्ही जवळपास सारखेच. लहान चक्र कठड्याला कमी आपटतं, म्हणून ते आलं. पण फुकट काही मिळत नाही. चक्र लहान झालं की तेवढाच जोर लावायला चेन पावणेदोनपट ताणली जाते. उडीच्या आधी उभं राहून जोर मारताना चेन तुटली तर काय होतं याची कल्पना करा आणि मग चेनवर शंभर रुपये वाचवायचे का ते ठरवा. केएमसीसारख्या नावाजलेल्या कंपनीची जाड, एक अष्टमांश इंच रुंदीची चेन घ्या. 'हाफ-लिंक' चेन दिसायला देखणी असते, पण तिच्या पट्ट्या वाकड्या असतात आणि ताण पडला की त्या हळूहळू सरळ होत जातात. म्हणजे चेन लांबते. मी साधी चेनच घेईन.

मागच्या हबला ९ दात्यांचा ड्रायव्हर हवा असेल तर कॅसेट हब लागतो. साध्या फ्रीव्हीलमध्ये इतके कमी दाते बसत नाहीत. फ्रीकोस्टर नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात सायकल उलटी चालली तरी पायडल फिरत नाहीत. मोठ्या रायडर्सचे व्हिडिओ बघून सगळ्यांना तोच हवा असतो. पहिल्या सायकलला घेऊ नका. त्याची देखभाल जास्त असते आणि आपल्या भागात तो उघडून नीट बसवणारा मिस्त्री शोधावा लागेल. हबमध्ये सुटे छर्रे नकोत, बंद बेअरिंग हवं. आमच्याकडच्या धुळीत सुट्या छर्‍यांचं ग्रीस एका उन्हाळ्यात वाळूचं होतं.

रिम डबल-वॉल हवी, ३६ स्पोकची. डबल-वॉल म्हणजे रिमच्या आत दोन भिंती, मध्ये पोकळी. फोटोत कळत नाही, टायर काढून बघितलं की स्पोकची टोकं खोल भोकात दिसतात. सिंगल-वॉल असेल तर ती टोकं लगेच समोर असतात. मागच्या चाकात तडजोड करू नका, पुढच्यात थोडी चालेल. बहुतेक लँडिंगचा मार मागचं चाक खातं.

टायर २.३ ते २.४ इंची घ्या आणि हवा भरपूर ठेवा. कमी हवेत रिम थेट कठड्याला लागते. टायरच्या कडेला जास्तीत जास्त हवा किती ते छापलेलं असतं, त्याच्या आत राहा. चांगल्या बीएमएक्सच्या ट्यूबला मोटरसायकलसारखाच व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बाभळीच्या काट्यावर मात्र कुठल्याच देशाच्या टायरचा इलाज नाही.

हँडल पूर्ण क्रोमोलीचं, स्टेम चार बोल्टचा. बोल्ट एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, तिरक्या क्रमाने थोडे थोडे आवळायचे. ग्राइंडसाठी पेग लावणार असाल तर वरून प्लॅस्टिकची बाही असलेले घ्या. झिजली की फक्त बाही बदलायची. सीट, ग्रिप, रंग, यावर आत्ता डोकं चालवू नका.

ब्रेक. बरेच स्ट्रीट रायडर ब्रेकच काढून टाकतात. व्हिडिओत ते भारी दिसतं. त्यांच्या समोरून उसाची दोन ट्रॉल्या जोडलेली ट्रॅक्टर येत नाही. मागचा ब्रेक ठेवा.

मोबाइल कामाला लावा

दर रविवारी पाच मिनिटं. सायकल पुसून चार ठिकाणचे जवळून फोटो काढा: चिमट्याचा वरचा जोड, फ्रेमचा पुढचा पाइप जिथे खालच्या पाइपाला जोडलाय तो भाग, मागच्या एक्सलची खाच आणि हँडलचा मधला वाक. दर वेळी त्याच कोनातून, त्याच उजेडात. एक वेगळा अल्बम करा आणि मागच्या महिन्याच्या फोटोशेजारी ठेवून झूम करा. रंगात केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यातून तपकिरी गंज झिरपलेला असला तर सायकल उभी करा, उडी बंद. आमच्याकडे अपघाताच्या तीन आठवडे आधीचा एक सेल्फी निघाला. पोराचं तोंड हसरं आणि मागे, नीट बघितलं तर, चिमट्याच्या जोडाशी एक बारीक तपकिरी रेघ. तेव्हा कोणी बघितली नाही.

दुसरा उपाय मला फार आवडला. गिटार ट्यून करायचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि स्पोकवर नखाने टिचकी मारा. पुढच्या चाकाच्या एका बाजूच्या सगळ्या स्पोकचा सूर जवळपास सारखा यायला हवा. एखादा खूपच खाली बोलला तर तो सैल आहे. चाक आउट व्हायच्या आधीच कळतं. आणि स्लो-मोशनमध्ये फिरत्या चाकाचा व्हिडिओ काढला तर रिमचा डोल डोळ्यांना दिसण्याआधी स्क्रीनवर दिसतो.

युरोपात विकायला बनवलेल्या सायकलींवर 'ईएन १६०५४' हा बीएमएक्सचा सुरक्षा मानक क्रमांक सापडू शकतो. त्यात रायडरच्या वजनावरून दोन गट आहेत, ४५ किलोपर्यंतचा आणि त्यावरचा. लहान भावंडाची सायकल मोठ्याने उडवायची नाही, याचं कारण तिथेच आहे.

मग जुन्या सायकलचं काय केलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांना पडणार, म्हणून प्रामाणिकपणे सांगतो. भावाचा हट्ट होता की आहे त्याच फ्रेमवर एकेक चांगला पार्ट चढवत जाऊ. आम्ही अंगणात बसून सगळी मापं घेतली. पुढचा दांडा एक इंची, आट्यांचा. मागची खाच १४ चा एक्सल घेईना. क्रँक वन-पीस. क्रँकचं एक वेळ जमलं असतं, त्या मोठ्या भोकात थ्री-पीस बसवायचे बेअरिंग कप मिळतात. पण चिमटा आणि मागचं चाक, म्हणजे जीव ज्यांच्यावर आहे ते दोन्ही, कधीच बसणार नव्हते. अशा फ्रेमवर खर्च म्हणजे जुन्या फोनला महागडं कव्हर. आम्ही पुढे साधा चिमटा टाकला आणि आता ती दूध घालायला वापरतात. त्या कामाला ती खरंच चांगली आहे.

तुमच्या सायकलला मात्र २८.६ चा दांडा आणि १४ ची खाच असेल, तर नक्की अपग्रेड करा. क्रम माझा असा: चिमटा, मग क्रँक, मग मागचं चाक, मग हँडल. मोडल्यावर जो भाग जास्त लावतो, तो आधी.

भावाने बारावीच्या सुट्टीत एका मोबाइल दुकानात काम करून पैसे जमवले होते, थोडे मी घातले. लिंक पाठवायची माझी हिंमत नव्हती, म्हणून दोघं मिळून पुण्यात एकाची वापरलेली फुल क्रोमोली बघायला गेलो. भावाने खिशातून व्हर्नियर काढला आणि विकणाऱ्या पोराला हसू आलं. मागचा एक्सल १४. पायडल नऊ सोळांश. दांडा बरोबर. मग त्याने फोन काढून स्पोकवर टिचक्या मारायला सुरुवात केली. मागच्या चाकाच्या एकाच बाजूचे पाच स्पोक बेसूर निघाले, रिमला एका जागी चेप होती. चिमट्याचा जोड आम्ही केरोसीनने पुसून टॉर्चच्या उजेडात बघितला, स्वच्छ होता. रिमचे पैसे कमी करून घेतले.

मावशीने एकच अट घातली: हेल्मेट घातलं नाही तर सायकल दूधवाल्याला. त्यामुळे येताना हेल्मेटही घेतलं, आत 'ईएन १०७८' छापलेलं, कानामागपर्यंत खाली येणारं. नवी रिम अजून यायची आहे. तोवर तो अंगणात, दहा सेंटिमीटरच्या पाटावरून, गुडघे मुडपून उतरायची प्रॅक्टिस करतोय.